कुजबुजीची शाळा

लेख मागायला फोन आला तेव्हा संपादकांनी पहिल्याच वाक्यात अट घातली. "मॅडम, ऑनलाइनच्या काळातलं लिहा, पण जरा सकारात्मक." मी म्हटलं, बघते. फोन ठेवून घसा खाकरला, कारण हल्ली चार वाक्यं बोलले की खाकरावंच लागतं. सकारात्मक काय लिहावं याचा पुष्कळ विचार केला आणि मग नाद सोडला. झालं तसं लिहिते. गोड वाटलं तर ते तुमचं नशीब.

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगते, कारण सगळी भानगड त्याचीच आहे. नोकरीचा बहुतेक काळ मी भुसावळ तालुक्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेवर गणित शिकवलं. आमचं माहेर-सासर दोन्ही धुळ्याकडचं, पण आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, म्हणून राहणं तिथल्या कॉलनीत आणि शाळा स्कूटीवरून. शाळेला पत्र्याचं छत. उन्हाळ्यात पत्रे तडतडायचे, पावसाळ्यात शेजारच्या बाकावरचंही ऐकू यायचं नाही. अशा वर्गात नाजूक आवाजाची बाई टिकत नाही. माझा आवाज टिकला. गॅदरिंगला माइक बंद पडला की हेडसर मला पुढे ढकलायचे. शाळेजवळच्या स्टँडवर एस.टी. घेऊन थांबणारा एक कंडक्टर मला एकदा म्हणाला, "मॅडम, अपूर्णांकांची बेरीज आता मलाही यायला लागली." मी त्याला गृहपाठ दिला नाही एवढंच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गणिताचा तास फळ्यावर चालतो. तो चालतो पोरांच्या चेहऱ्यावर. तुम्ही एक पायरी सांगता आणि वळून बघता. पुढच्या बाकांना नेहमीच समजलेलं असतं, त्यांच्याकडे बघायचं नसतं. मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावरच्या पोराच्या कपाळावर आठी पडली की तीच पायरी दुसऱ्या शब्दांत सांगायची. तरी आठी गेली नाही तर दोराचं, बांधाचं, केळीच्या घडाचं उदाहरण काढायचं. आठी गेली की पुढे सरकायचं. इतकी वर्षं मी हेच केलं. त्याला कोणी पदवी देत नाही, पण गणित शिकवणं म्हणजे बहुतेक तेवढंच.

मग साथ आली, शाळा बंद झाल्या आणि शिकवणं फोनवर आलं. गावात बहुतेक घरी चांगला फोन एकच, तोही घरच्या कर्त्या माणसाचा. तो शेतात गेला की तास शेतात जायचा. पोरं कॅमेरा बंद ठेवायची, कारण कॅमेऱ्यानं नेट लवकर संपतं. माझ्यासमोर नुसती नावांची पहिली अक्षरं आणि रंगीत गोळे. कपाळ नाही, आठी नाही. तरी सुरुवातीला दंगा होता. "मॅडम आवाज येत नाही", "मॅडम परत सांगा", "मॅडम हा मध्येच बकरीचा आवाज काढतो." बकरी खरीच होती हे मागाहून कळलं.

माझा फळा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. काळ्या कडप्प्यावर खडू उत्तम उठतो. मसाल्याच्या मांडणीला दोरीनं फोन उलटा टांगायचा, खाली ओट्यावर त्रिकोण काढायचा. तास झाला की ओलं फडकं मारून त्याच ओट्यावर पोळ्या लाटायच्या. एकदा लंबदुभाजकाशेजारी जिरं सांडलेलं होतं, तर एका पोरीनं विचारलं, ते बिंदू कशाचे. मला फार बरं वाटलं. कोणीतरी बघत होतं.

त्या दंग्यातला माझा सर्वांत खटपट्या विद्यार्थी म्हणजे नाना. सत्तरी ओलांडलेले केळीवाले शेतकरी. त्यांची नात अश्विनी माझ्या नववीत, पण फोन नानांचा, म्हणून तास नानांच्या मळ्यात खाटेवर भरायचा. तास संपला की नानांचा फोन ठरलेला. "मॅडम, आजचं काही जमलं नही. पोरगी नुस्ती मान हालवते. तिले पुन्ना सांगा." शिक्षण खात्यातून तपासणीला माणसं येतात, पण इतकी नेमकी तपासणी माझी कोणी केली नव्हती. मी वैतागायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं सांगायचे.

त्याच सुमारास आम्हा शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम लागलं. कपाळासमोर तापमापी धरायची, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा, कोणाला खोकला आहे का विचारायचं आणि लोकांची बोलणी खायची. कोणी दार उघडायचं नाही, कोणी कुत्रं सोडायचं. ते काम संपवून मी पुन्हा ओट्याशी उभी राहिले, तर इकडे घरातलं गणित बदललं होतं. ह्यांच्या विभागातली काही माणसं आजारी पडली, काही विलगीकरणात गेली आणि ह्यांच्यावर सलग रात्रपाळी आली. वीज थांबत नाही, त्यामुळे पाळ्याही थांबत नाहीत. हे सकाळी घरी यायचे, आंघोळ करून दोन घास खायचे आणि झोपायचे. नेमका तोच माझा तासांचा वेळ. क्वार्टरला दोनच खोल्या आणि मधल्या दाराला कडी असली तरी फळी फुगून ते दार कधी पुरतं लागलंच नाही.

रात्रभर बॉयलर-टर्बाइनच्या धगीत उभा राहिलेला माणूस, वर त्या दिवसांची धास्ती. त्याची झोप मोडायची म्हणजे पाप. म्हणून मी आवाज उतरवला. आधी हळू, मग आणखी हळू आणि शेवटी नुसती कुजबूज. पायथागोरसचं प्रमेय मी कोणाची तरी चहाडी सांगावी तशी फोनच्या कानात सांगायचे. पातेलं खाली ठेवताना फडकं अंथरायचे. कुकर तर मी तासाच्या वेळेत लावणंच सोडलं.

आणि वर्ग गप्प झाला.

एकदम नाही. आधी नानांचा फोन बंद झाला. मी म्हटलं, बरं झालं, सुटले. मग "आवाज येत नाही" बंद झालं. मग "परत सांगा" गेलं. मी विचारायचे, "समजलं का?" आणि थांबायचे. रंगीत गोळे तसेच. मी पुन्हा विचारायचे. बऱ्याच वेळाने कोणीतरी "हो मॅडम" असं लिहायचं, बोलायचं नाही. बकरीसुद्धा गेली. हजेरीत नावं होती, पण मला खात्री होती की पोरं फोन चालू करून खेळायला जातात. जाईनात का, मीही गेले असते. पण रोज सकाळी रिकाम्या खोलीला कुजबुजत प्रमेय सांगायचं म्हणजे माणसाला आपल्याच डोक्याची शंका येते.

थकवा मला नवा नव्हता. परीक्षेच्या दिवसांत पेपर तपासून मान मोडायची, निवडणुकीच्या कामात रात्र-रात्र जागले होते. तो थकवा झोपेनं उतरायचा. हा उतरेना. सकाळी उठल्यावरच तो अंगात असायचा. तासाची वेळ जवळ आली की मी पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहायचे. शिवाय फोनचं टुणटुण. आज किती मुलं जोडली गेली ते कळवा, तासाचा फोटो पाठवा, लिंक भरा, भरलेली लिंक पुन्हा भरा कारण ती जुनी होती. फोन बंद ठेवायची सोय नव्हती, म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात ठेवायचे. डब्यात टुणटुण कमी ऐकू येतं. भात करायला डबा उघडला की मात्र सगळी खाती एकदम बाहेर यायची.

यावर उपाय म्हणून आम्हाला 'ताणमुक्त शिक्षक' असं एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. हजेरी सक्तीची. एक गोड आवाजाचे गृहस्थ सांगत होते, डोळे मिटा आणि नदीकाठी बसल्याची कल्पना करा. मी डोळे मिटले आणि तिथेच झोपले. प्रशिक्षण संपल्यावर अभिप्रायाची लिंक आली, ती मला दिसली नाही, म्हणून मी ताणमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र राहिलं ते राहिलंच. त्यापायी खुलासाही द्यावा लागला.

हसू आलं तर हसा. मलाही आता येतं. तेव्हा मला ना हसू येत होतं ना रडू, आणि त्याचीच भीती वाटायची. आपण कोणालाच शिकवत नाही आहोत, हे एकदा मनाने घेतलं की पुढे काही उरत नाही. निवृत्तीला अजून काही वर्षं होती, तरी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. कारण म्हणून 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं. ह्यांना सांगितलं नाही. ते आधीच अर्धे झाले होते, डोळे लाल, जेवणावर लक्ष नाही. रात्रपाळीनं माणूस असाच होतो, असं मी धरून चालले.

अर्ज द्यायचा दिवस मी पोषण आहार वाटपाचा निवडला. शाळेत खिचडी शिजत नव्हती, म्हणून तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायची असायची. पालक पिशव्या घेऊन यायचे, मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या गोलात उभे राहायचे. वाटप संपलं की हेडसरांच्या टेबलावर कागद ठेवायचा आणि सुटायचं, एवढंच डोक्यात होतं. अर्ज पर्समध्ये, पर्स काखेत.

अश्विनीचा आहार न्यायला नाना आले. तोंडाला उपरणं बांधलेलं. तांदूळ घेतले, पण गोलातून हलेनात. मग पिशवीतून गुळवेलीची जुडी काढून लांबूनच टेबलाच्या कडेवर ठेवली.

"मॅडम, हे सायेबासाठी. काढा करून द्या. आता कसे हायेत ते?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "घरी झोपलेत."

"झोपू द्या, झोपू द्या. जेवन जाते ना?"

"जातं थोडं. रात्रपाळी करून येतात, मग काय जेवणार."

"रातपायी?" नाना माझ्याकडे बघत राहिले. "आजारी मानसाले रातपायी लावली?"

"आजारी कोण आहे, नाना?"

नाना एक पाऊल पुढे आले, पुन्हा गोलात गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, आमच्यापासून काय लपोता? आमी बाहीर कोनाले सांगलं नही. तुमी सर्वेला फिरल्या, आन् मग तुमचा आवाजच बदलला. आजारी मानसाच्या उशाशी बसून बोलावं तसा. मी मनलं, मॅडमच्या घरात बिमारी शिरली आन् त्या लपोतात, न्हई तं उचलून नेतील. पारावर बसून मी सगय्या घरी निरोप धाडला. पोरायले सांगा, मॅडमच्या घरी असं हाये, तरी त्या शिकोतात. मधी मधी इचारू नका, आवाज येत नही मनू नका. चूपचाप आयका. मी बी फोन बंद केला."

मी हातातलं तांदळाचं माप खाली ठेवलं. "म्हणजे पोरं ऐकत होती?"

"आयकत मंजे? आमची आशू गोधडीत शिरून आयके. वाऱ्यानं आवाज जाऊ नये मनून. माह्यी बकरी मी पार तिकडच्या बांधावर नेऊन बांधली."

मला आधी राग आला. खरं सांगते, मायेचा उमाळा वगैरे नंतर. इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते आणि हे सगळं गाव त्या भिंतीमागे शहाण्यासारखं गप्प बसलं होतं. एकानं, नुसतं एकानं "मॅडम, समजलं" असं तोंडानं म्हटलं असतं तर माझ्या पर्समध्ये तो कागद नसता. मी नानांना तसं म्हणाले देखील, चांगलं फडाफडा म्हणाले. तेही आवाज चढवून. नानांनी उपरणं खाली ओढलं आणि हसायला लागले.

"हां," ते म्हणाले, "हा आवाज. हा आमच्या मॅडमचा आवाज."

मग मात्र मला रडू आलं. गोलागोलात उभे असलेले पालक बघत होते, हेडसर बघत होते. कितीतरी दिवसांनी आलेलं रडू, ते काही लवकर आवरलं नाही. अर्ज पर्समध्येच राहिला. पुढे ती पर्स झिजेपर्यंत तो आत होता, मग दोन्ही गेलं.

घरी आले. सवयीनं कडी न वाजवता दार उघडलं, चपला हातात घेऊन आत गेले. आमचे हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून, हालचाल नाही. मी पाणी प्यायले आणि मला राहवलं नाही. ते उठले तर उठू देत म्हणून मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगून टाकलं. नाना, गुळवेल, गोधडी, बकरी. अर्जाचंही सांगितलं. ते वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत झोपेचं नावही नव्हतं.

"तुम्ही जागेच आहात?" मी विचारलं.

"मी रोजच जागा ऱ्हास," ते म्हणाले. घरात हे आमच्या धुळ्याकडच्या बोलीतच बोलतात.

"म्हणजे?"

"टर्बाइनजोडे मन्हं आयुष्य गयं. मोठा आवाजमा माले झोप लागस. तू ती कुजबूज सुरू करस ना, तधळ कान आपोआप टवकारतस. काय म्हनी राहिनी, काय म्हनी राहिनी, आसं व्हस. मंग झोप कसानी?"

"मग सांगितलं का नाही?"

"तू येवढी जपी राहिनी व्हती. पातेलाखाले बी फडकं टाके. तुले कसं सांगू? कूसबी बदलत नव्हतू मी, खाट करकर वाजीन म्हनीसन."

म्हणजे लाल डोळे रात्रपाळीचे नव्हतेच. ते माझ्या प्रमेयांचे होते. मी कुजबुजत होते हे झोपावेत म्हणून. हे न हलता पडून होते मला अडचण नको म्हणून. आणि तिकडे गाव श्वास रोखून बसलं होतं आमच्या घरातल्या आजारपणाचा मान राखून. तिन्हीकडे नुसती काळजी, आणि त्या काळजीनं तिघांची वाट लागलेली. आम्ही दोघं किती वेळ हसत होतो आठवत नाही. हसता हसता ते झोपले. मी शेजारी बसून नाक ओढत होते, त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी राहिले आणि जुन्या आवाजात म्हटलं, "मुलांनो, आमच्या घरी कोणी आजारी नाही." म्हणजे, म्हणायला गेले. तो जुना आवाज आदल्या दिवशी मैदानावर निघाला, तोच शेवटचा. आता निघाला तो भाजी खरवडल्यासारखा घोगरा आवाज. तरी पलीकडून कितीतरी दिवसांनी माइक उघडले गेले, सगळे एकदम. काही ऐकू येईना इतका दंगा झाला. त्या गलक्यात कोणीतरी म्हणालं, "मॅडम, त्या दिवशीचा चक्रीय चौकोन आम्हाला कोणालाच कळला नाही." मी फडकं मारलं आणि ओट्यावर पुन्हा वर्तुळ काढलं.

जळगावला घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं ओरडून जे झालं नाही ते या कुजबुजीनं केलंय. कुजबुजताना म्हणे घशाला जास्त ताण पडतो. हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी बोलणं बंद ठेवायला सांगितलं, औषधं दिली. आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. शाळा उघडल्यावर मी गळ्यात छोटा माइक अडकवून शिकवलं. पत्र्याखाली तो सारखा शिट्टी मारायचा आणि पोरं सारखी हसायची. चेहरे समोर होते, कपाळावर आठ्या होत्या, त्यामुळे माइकचं मला काही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून सलते. चूपचाप ऐकणाऱ्यांत एक घर खरंच नव्हतं. ती दोन भावंडं आईवडिलांबरोबर सुरतेला निघून गेली होती, आणि सगळाच वर्ग गप्प असल्यामुळे त्यांचं गप्प असणं वेगळं कोणाला कळलं नाही. कळलं तोवर ती तिथे कामाला लागली होती. आम्ही निरोप पाठवले, हेडसर बोलले, पण ती परत आली नाहीत. संपादक सकारात्मक म्हणतात तेव्हा मला ती दोघं आठवतात.

आता आम्ही दोघंही निवृत्त झालो आहोत, क्वार्टर सोडून धुळ्यात राहतो. घराभोवती चांगली शांतता आहे, आणि तिचा ह्यांना भारी त्रास होतो. दुपारी जेवण झालं की नुसते कुशी बदलत पडतात. मग मी पेपर घेऊन पलंगाशेजारी खुर्ची ओढते आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागते. आवाज घोगरा आहे, मध्ये मध्ये फाटतो, अग्रलेखापर्यंत मला दोनदा पाणी प्यावं लागतं. पण बाजारभावाच्या पानावर येईतो हे घोरत असतात. तरी मी पान संपवते.